शेवटचा घाणा कधी उतरला? उरलेल्या अन्नातून गरजूंची पंगत बसवताना

लग्नसराईत रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास फोन वाजतो. "दादा, शंभर माणसांचं जेवण उरलंय. लगेच या, हॉल खाली करायचाय." नवा माणूस असला की हाताला लागेल तो डबा घेऊन पळत सुटतो. मीही पळायचो. आता फोनवर आधी एकच विचारतो, "शेवटचा घाणा कधी उतरला?" समोरचा अडखळतो. काय काय उरलंय हे मी विचारीन अशी त्याची अपेक्षा असते, आणि मेनू भारी असला की ते सांगायची त्याला घाईही असते. पण रबडी उरली की वरण, ते नंतर बघू. चुलीवरून किती वाजता उतरलं, ते आधी.

चार-सहा मित्रमैत्रिणी, सोसायटीतले शेजारी किंवा मंडळाची पोरं मिळून असं काही सुरू करायचं म्हणत असाल तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी पुण्यात हे काम करतो, त्यामुळे उदाहरणं इथलीच येतील. नाशिक-नागपूरला वेळा आणि पदार्थ बदलतील, हिशोब तोच.

उरलेलं, उष्टं आणि शिळं

आपल्याकडे या तीन गोष्टींना तीन वेगळे शब्द आहेत आणि या कामातली निम्मी अक्कल त्या शब्दांतच आहे. उष्टं म्हणजे ज्याला कुणाचा तरी हात, ताट किंवा तोंड लागलं ते. ते कुणालाही द्यायचं नाही, भिकाऱ्याला चालतं वगैरे म्हणायचं नाही. शिळं म्हणजे ज्याची वेळ टळली ते. उरलेलं म्हणजे शिजलं, पण वाढलं गेलं नाही आणि अजून वेळेत आहे ते. आपलं काम फक्त या तिसऱ्याशी.

कार्यालयात गेल्यावर हा फरक डोळ्यांना दिसतो. बुफेच्या टेबलावरची भांडी उष्ट्याच्या जवळची समजा. तिथे चारशे लोकांनी डाव फिरवलेला असतो, भाजीचा डाव कोशिंबिरीत गेलेला असतो, कुणी लहान मुलाने पुरी उचलून परत ठेवलेली असते. पंगत असेल तर वाढप्यांच्या बादल्यांचंही तेच, कारण ओगराळं ताटांना टेकत टेकत पुढे गेलेलं असतं. घ्यायचं ते मागच्या बाजूचं, भटारखान्यातलं, ज्या पातेल्यातून अजून काढलंच नाही किंवा फक्त आचाऱ्याच्याच डावाने काढलंय ते. मॅनेजर कौतुकाने टेबलाकडे नेईल. तुम्ही मागे जा.

घड्याळ चूल बंद झाल्यावर सुरू होतं

५ ते ६० अंश सेल्सियस या टप्प्यात अन्न राहिलं की जंतूंची चंगळ होते. अनुकूल परिस्थितीत काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे एकाचे चार तासांत चार हजारांवर. आपल्या उन्हाळ्यातली रात्र या टप्प्याच्या बरोबर मध्यभागी बसते.

"पण आमच्याकडे रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देतात, कुणाला काही होत नाही." हे वाक्य मला प्रत्येक नव्या टोळीत एकदा तरी ऐकावं लागतं. घरी वाटीभर भात उरतो, तो पसरट भांड्यात पटकन निवतो, बहुतेक घरांत फ्रिजमध्ये जातो. कार्यालयातला तीस किलो भात उंच पातेल्यात, झाकण लावून असतो. बाहेरून हात लावला तर कोमट, आत मधोमध तासन्‌तास उबदार. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. त्या उबेत ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष फोडणीने जात नाही. माणसाच्या हातावरून, नाकातून अन्नात पडणारा स्टॅफिलोकॉकस असाच. जंतू उकळीत मरतो, त्याचं विष शिल्लक राहतं. म्हणून "परत एकदा गरम करू की" हा उपाय उशीर झाल्यावर चालत नाही.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. वैशाखातली एक रात्र होती. सव्वाअकराला मसालेभाताचं भलं मोठं पातेलं टेम्पोत चढवलं, सांडू नये म्हणून झाकणावर फडकं घट्ट बांधलं आणि एका बांधकामाच्या साइटवरच्या वस्तीवर साडेबाराला पोचलो. बायामाणसं ताटल्या घेऊन बसलेली. झाकण उघडलं तर वाफ आली, वासही मसाल्याचा, लवंग-दालचिनीचा. डाव खोल घातला तेव्हा मधला भात चिकट लागला, आणि डाव वर उचलताना त्याला बारीक तार सुटली. मी पातेलं झाकलं. समोरची बाई म्हणाली, "बघू द्या की भाऊ. पोरांना नाही देत, आम्ही खातो." तिला काय सांगायचं हे मला सुचलं नाही. नाक्यावरची टपरी उघडायला लावून बिस्किटांचे पुडे आणले, ते वाटले आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी कळलं की लग्न गोरज मुहूर्ताचं होतं, म्हणून भात चारलाच शिजवून ठेवला होता. साडेआठ तास. कुणी खोटं बोललं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून नियम असा: चुलीवरून उतरल्यापासून माणसाच्या तोंडात जाईपर्यंत चार तास. मार्च ते जून मी तीनच धरतो. अन्न सतत भट्टीवर किंवा गरम पाण्याच्या भांड्यात ६० अंशांच्या वर ठेवलं असेल तर घड्याळ तिथून हललं की सुरू करायचं. आणि हे मॅनेजरला नाही, आचाऱ्याला विचारायचं. मॅनेजरचं उत्तर ठरलेलं असतं, "आत्ताच केलंय." आचारी सांगतो, "वरण दोन घाण्यांत केलं, पहिला सहाला, दुसरा साडेआठला, हे दुसऱ्यातलं." त्याला हा प्रश्न आवडतो असा माझा अनुभव आहे. त्याच्या कामाबद्दल नीट विचारणारं रात्री अकराला दुसरं कोण भेटतं?

आधी खाणारे शोधा, मग अन्न

बहुतेक जण उलटं करतात. आधी केटररांचे नंबर गोळा करतात आणि भरलेला टेम्पो घेऊन रस्त्यावर माणसं शोधत फिरतात. तो फिरण्यातला तास अन्नाच्या चार तासांतून वजा होतो.

दिवसा जाऊन बघा. मोठ्या सरकारी रुग्णालयांबाहेर रुग्णांचे नातेवाईक आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकून असतात. परळला टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या फुटपाथवर मुंबईकरांनी ते पाहिलं आहे, पुण्यात ससूनच्या आवारात दिसतं. बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या, मजूर अड्डे, वीटभट्ट्या, गाळप हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या. प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी विचारा. किती माणसं, किती वाजता जेवतात, काय खातात, आणि फोन कुणाला करायचा.

फोन मुकादमाऐवजी वस्तीतल्या एखाद्या बाईला करावा, हे माझं मत. मुकादम म्हणतो "दोनशे माणसं आहेत, आणा." ताई बोटांवर घरं मोजते, "चौदा खोल्या, दोन गावाला गेल्यात, पन्नास-पंचावन्न माणूस," आणि तिचा आकडा चुकत नाही. शिवाय आज सगळ्यांनी रांधलंय की नाही हेही तिलाच ठाऊक असतं. बिहार-ओडिशाकडच्या मजुरांना भात हवा असतो, मराठवाड्यातल्या ऊसतोड्यांना पुरी-श्रीखंडापेक्षा भाकरीशी खाता येईल अशी भाजी. विचारलं तर सांगतात.

रात्री साडेनऊनंतर कुणाला उठवायचं नाही हेही तेव्हाच ठरवून टाका. पहाटे पाचला पाण्याच्या टँकरसाठी उठणाऱ्या माणसाला साडेबाराला जिलेबीसाठी हलवून जागं करणं याला मदत म्हणवत नाही. मग अकराच्या फोनचं काय करायचं? रुग्णालयाबाहेर कुणीतरी जागं असतं, तिथे जमलं तर ठीक. नाही तर "नाही जमणार, काका" म्हणायचं. पहिल्या वर्षी हे म्हणताना जीभ जड होते.

आणखी एक. लहान मुलं, गरोदर बाया, म्हातारी माणसं, आजारी यांच्या पोटाला थोडंसं बिघडलेलंही झेपत नाही. म्हणून बालगृह, वृद्धाश्रम अशा ठिकाणी लग्नातलं उरलेलं मी देत नाही, त्यांनी मागितलं तरी. रुग्णालयात नातेवाइकांना वाढतो, खाटेवरच्या रुग्णाला नाही. त्याचं पथ्य डॉक्टर ठरवतात. या सगळ्यांसाठी दुसरा रस्ता आहे, आणि नवख्यांनी खरं तर त्याच रस्त्याने सुरुवात करावी.

पहिले सहा महिने मंडई

शिजलेल्या अन्नाचं घड्याळ तासांत चालतं, कच्च्या भाजीचं दिवसांत. चूक झाली तर भाजी सडते, माणूस सहसा आजारी पडत नाही. तरी सगळ्यांना थेट लग्नाचं जेवणच का उचलायचं असतं कोण जाणे. बहुधा त्यात रात्रीची धावपळ असते, टेम्पो असतो, सांगायला गोष्ट असते. सकाळी कोबीची पानं सोलण्यात ती नाही.

मार्केट यार्डात सकाळचा सौदा उरकला की गाळ्यांवर विकला न गेलेला माल राहतो. आवक वाढून भाव पडले की जास्तच. त्यात गोल्टी, म्हणजे बारीक कांदा असतो, वेडावाकडा बटाटा असतो, एका बाजूने डागलेला टोमॅटो असतो. आडत्यांशी ओळख करा, पण माल कुठे पडून आहे ते हमालांना आधी कळतं. स्वतःचे क्रेट घेऊन जा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी जा, आणि दिलेलं सगळं उचला. निवडून निवडून घेणाऱ्याला दुसऱ्यांदा बोलावत नाहीत. निवडायचं ते आपल्या जागी नेऊन.

निवडताना काय बघायचं? डागलेला भाग कापून बाकीचं वापरता येतं ते घट्ट भाज्यांत: कोबी, गाजर, बटाटा. मऊ पडून पाणी सुटलेला टोमॅटो टाका. हिरवा पडलेला बटाटा टाका, त्यात सोलॅनिन नावाचं विष असतं, शिजवून जात नाही. दुधीचा तुकडा कच्चा जिभेला लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेका. कडू दुधीने माणसं दगावली आहेत. भुईमुगाच्या दाण्यावर बुरशी दिसली तर पूर्ण पोतं बाजूला, कारण बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, डोळ्यांना दिसत नाही. बेकरीच्या पावाला एका कोपऱ्यात हिरवट ठिपका असला तर लादी गेली समजा.

किराणा दुकानदार तारीख जवळ आलेली पाकिटं देतात. ती घ्या, पण वाटायच्या दिवशी तारीख उलटलेली नको. "तसं काही होत नाही हो" हे दुकानदाराने म्हणायचं, आपण ऐकून हसायचं.

शंभर माणसांची खिचडी

मंडईच्या भाजीचं काय करायचं याचं माझं उत्तर नेहमी खिचडी असतं. एका भांड्यात होते, कुठलीही भाजी पचवते, बिहारी-मराठी-तेलुगू सगळ्यांच्या ओळखीची.

मोठ्या माणसाला पोटभर म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे ग्रॅम शिजलेली खिचडी. शंभर जणांना ८ किलो तांदूळ, ३ किलो मुगाची डाळ, ६ किलो चिरलेल्या भाज्या, सव्वा लिटर तेल, ३० लिटर आधणाचं पाणी. मीठ आधी ३०० ग्रॅम घाला, चाखा, मग वाढवा. साधारण चारशेपर्यंत जातं. घरच्या अंदाजाने मूठ-मूठ टाकत गेलं की हमखास चुकतं, म्हणून वजनकाटा घ्या. भाज्यांत कांदा-टोमॅटो निम्मे असले की चव येते. वांगं कमी, कारलं नाही.

एकच साठ लिटरचं पातेलं घेऊ नका. पस्तीस-पस्तीसची दोन घ्या. भरलेलं मोठं पातेलं उतरवताना दोघांचे हात भाजलेले मी पाहिलेत, आणि दोन असली की एखाद्यात खाली लागलं तरी निम्मीच खिचडी जाते. फोडणीत डाळ-तांदूळ परतून पाणी उकळतंच घालायचं. गार पाणी घातलं तर एवढ्या ऐवजाला उकळी येईपर्यंत खालचा थर चिकटतो. भट्टीला व्यावसायिक सिलिंडर, १९ किलोचा. घरचा सिलिंडर आणून चालवायचं नाही.

आणि वाढायच्या जास्तीत जास्त तासभर आधी शिजवून तयार ठेवायची. सोयीचं म्हणून दुपारी तीनला करून संध्याकाळी साडेसातला नेलीत, तर केटररला नावं ठेवायचा हक्क राहिला नाही.

कार्यालयातून उचलताना

सहा महिने झाले, हात बसला, वस्तीत ओळख झाली की मग लग्नाकडे वळा. केटररशी आदल्या दिवशीच बोला. किती ताटं सांगितली आहेत, पंगत किती वाजता, आणि उरलं तर पंगत संपायच्या आधी अर्धा तास फोन करा. हा अर्धा तास सगळ्यात मोलाचा. "सगळं आवरलं की कळवतो" असं म्हणणाऱ्याचा फोन उशिराच येतो.

टेम्पोत असावं ते सामान: झाकणाचे स्टीलचे दहा-पंधरा लिटरचे डबे, आपले डाव आणि झारे, दांडीचा प्रोब थर्मामीटर, चिकटपट्टी आणि मार्कर, साबण, पाण्याचा कॅन, धुतलेली फडकी. रंगाचे रिकामे डबे किंवा केमिकलचे निळे ड्रम कितीही घासले तरी नाहीत. लोक आणतात, म्हणून लिहिलं. डबे मुद्दाम लहान. गरम ठेवायचं तर ते भरून कपड्यात गुंडाळता येतात, आणि एका डब्यात बिघाड निघाला तर बाकीचे वाचतात.

भटारखान्यात गेल्यावर आधी हात धुवा, मग आचाऱ्याला घाण्यांची वेळ विचारा, मग प्रत्येक पातेल्यात डाव तळापर्यंत घालून वर काढा. वरचा थर नेहमी छान दिसतो. थर्मामीटर मधोमध. ६० च्या वर असेल तर तसंच उचला. खाली गेलं असेल पण उतरवून दोन तासही झाले नसतील, तर आचाऱ्याला विनंती करून तिथेच ढवळत पुन्हा खदखदू द्या. मधला आकडा ७५ च्या वर गेला की मगच डब्यात. दोनाच्या वर झाले असतील, तर मी सोडून देतो. चव बघून ठरवायचं नाही. विटलेलं, आंबलेलं, तार आलेलं जिभेला कळतं, पण विष झालेलं प्रत्येक वेळी कळत नाही.

आमची घेण्याची यादी छोटी आहे. पुऱ्या, पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, साधं वरण, जिलेबी, बुंदीचे लाडू. पोळ्या गरम असताना डब्यात दाबून झाकण लावू नका, घाम सुटून लगदा होतो. कापडावर पसरून मग भरा. मसालेभात आणि पांढरा भात फक्त शेवटच्या घाण्यातला. न घेण्याची यादी लांब आहे: कोशिंबीर, ओल्या नारळाची चटणी, रबडी-बासुंदी, पनीरची रस्सेदार भाजी, कापलेली फळं, पाणीपुरीचं पाणी. श्रीखंड आणि मठ्ठा फ्रिजमधून थंडगार निघाले तरच. पनीर सोडताना यजमानांचा चेहरा पडतो, "अहो, सगळ्यात महाग तेच आहे." असू दे.

मांसाहारी पदार्थ असतील तर डबे वेगळे, डाव वेगळे, वाढणारी माणसंही वेगळी. तिथे वेळेत एक मिनिट सूट नाही.

प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी लावून पदार्थ, शाकाहारी की मांसाहारी, कुठून आणला, किती वाजता शिजला आणि किती वाजेपर्यंत खायचा हे लिहा. वाटेत ड्रायव्हर बदलला तरी डबा स्वतःच बोलतो.

कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने उरलेलं अन्न गोळा करण्या-वाटण्याबद्दल २०१९ साली स्वतंत्र नियम केले आणि ते १ जुलै २०२० पासून लागू झाले. वाटप करणाऱ्या संस्थेची नोंदणी, लेबल, कुणाकडून घेतलं आणि कुठे दिलं याच्या नोंदी, हे सगळं त्यात येतं. अर्ज प्राधिकरणाच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर होतो, अडलं तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात जा. त्याआधी एक साधी दोनशे पानी वही घाला. तारीख, कुठून, काय, किती किलो, शिजल्याची वेळ, तापमान, कुठे, किती माणसं, किती वाजता वाढलं. वाढलेल्या प्रत्येक पदार्थाची एक वाटी लेबल लावून दुसऱ्या दिवसापर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. कुणाचं पोट बिघडलं असा फोन आला तर तपासायला काहीतरी हातात असतं.

एकट्याने सुरू करण्याआधी कुणाबरोबर तरी महिनाभर हात मारून बघा. २०१४ साली दिल्लीत सुरू झालेली, उरलेलं अन्न वाटणारी रॉबिन हूड आर्मी बऱ्याच शहरांत आहे, पैसे घेत नाही, नुसती माणसं आणि वेळ घेते. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१५ साली रोटी बँक सुरू झाली. घरटी दोन पोळ्या-भाजी आणून जमा करायची, ज्याला हवी त्याने घेऊन जायची. वाडा-सोसायटीसाठी मला हा नमुना लग्नापेक्षा जवळचा वाटतो. पोळी त्याच वेळी भाजलेली असते आणि भाजणारी समोर उभी असते.

वाढताना

जमलं तर पंगत बसवा. सतरंजी, पत्रावळी, पाणी. रांगेत उभं करून हातावर ठेवण्यापेक्षा दहा मिनिटं जास्त लागतात. आधी सगळ्यांचे हात धुवायला पाणी घाला, आपलेही तिथेच सगळ्यांसमोर धुवा. काय आहे, कुठलं आहे, कधीचं आहे ते सांगा. "लग्नातलं उरलेलं आहे, साडेआठला शिजलंय" हे ऐकायचा त्यांना हक्क आहे, आणि नको म्हणायचाही. "अजून वाढू का?" हे शेवटच्या माणसापर्यंत विचारता येईल असा अंदाज ठेवून पहिली वाढ करा.

डबा भरून नेणाऱ्याला वेळ बजावून सांगा: "दहापर्यंत संपवा, सकाळला ठेवू नका." सांगूनही काही जण ठेवतात, म्हणून भात डब्यात देत नाही, पोळ्या आणि लाडू देतो.

फोटो काढू नका. देणाऱ्याला पावती म्हणून हवा असेल तर रिकाम्या डब्यांचा काढा. एकदा एका वाढदिवसवाल्या कुटुंबाने मुलाच्या हाताने वाढतानाचा व्हिडिओ करायचा म्हणून गरम वरण वीस मिनिटं थांबवलं होतं. तेव्हापासून देणाऱ्यांना वाढायला बोलावलं, तर फोन टेम्पोत ठेवून यायला सांगतो. दोनदा लोक नाराज झाले. तिसऱ्यांदा आलेले ताटं उचलायला थांबले.

उरलेल्यातलं उरलेलं

वाढून झाल्यावरही काहीतरी राहतंच. ते परत न्यायचं नाही, फ्रिजमध्ये टाकायचं नाही, उद्याचं म्हणून ठेवायचं नाही. गाईला घालायचं तर मूठ-दोन मूठ ठीक. पातेलंभर भात-पोळी एकदम खाल्ली तर गाईच्या पोटात आम्ल वाढून ती मरू शकते. गोशाळेच्या दारात ड्रम ओतून येणाऱ्यांना हे माहीत नसतं. आमचं उरलेलं एका सोसायटीच्या बायोगॅसमध्ये जातं. स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारी छोटी संयंत्रं पुण्यातल्याच डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेने बनवली, त्याला २००६ साली पर्यावरणपूरक ऊर्जेसाठीचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. तसं काही जवळ नसेल तर कंपोस्टचा खड्डा.

डबे त्याच रात्री घासा, उकळतं पाणी फिरवा, उपडे घाला. सकाळी घासू म्हणून ठेवलेल्या डब्याचा वास झाकणाच्या रबरात बसतो आणि पुढच्या वरणाला लागतो.

वहीतला आकडा मात्र सकाळी केटररला कळवा. "काल मसालेभात अठ्ठावीस किलो उरला, परवा पंचवीस." त्यात टोमणा नको, नुसता आकडा. आमच्या ओळखीचा एक आचारी वर्षभर हे ऐकत होता. आता तो भाताचा शेवटचा घाणा पंगत अर्धी उठल्यावर, राहिलेली पानं मोजून चढवतो. त्याचा फोन हल्ली महिन्यातून एखादाच येतो, आणि आला की उतरवल्याची वेळ तो मी विचारायच्या आत सांगतो.